नातीच्या बाहुलीचे कपडे : बेत, कापड, शिलाई आणि बंद

गोदाकाठ

सर्वांना नमस्कार. माझी नात येत्या दिवाळीत पाच वर्षांची होईल. तिच्याकडे दोन बाहुल्या आहेत. एक सर्वत्र मिळते ती साडेअकरा इंची, सडपातळ बार्बी आणि दुसरी मी जुन्या मलमलीत कापूस भरून केलेली, दीड वीत लांबीची, गोल पोटाची कापडी बाहुली. दोघींसाठी मिळून एक लहानशी पेटी भरेल इतके कपडे शिवावेत, असा माझा मानस आहे. शिवणकाम मला नवे नाही. झबली, टोपडी, परकर-पोलकी, ब्लाउज हे सारे मी घरच्या पायमशीनवर शिवत आले आहे. परंतु येथे मुंढा (बाही जोडण्याची गोल खाच) दोन बोटांचा, बाही करंगळीएवढी आणि मशीनचा फूट त्या बाहीहून रुंद, त्यामुळे नेहमीचा हात चालत नाही.

बाजारात तयार कपडे मिळतात, ते मी पाहिले आहेत. चकचकीत कापड, न मुडपलेल्या कडा आणि पाठीला डिंकाने चिकटवलेली वेलक्रोची एवढीशी पट्टी, असा त्यांचा थाट असतो. एका धुण्यात सारे सुटते. ते घ्यायचे नाहीत, हे ठरले आहे.

माझी अट एकच आहे. कपडा नातीला कोणाच्याही मदतीशिवाय बाहुलीला घालता आणि काढता आला पाहिजे. कपडे बदलणे हाच तर तिचा खेळ आहे. आई कुकर लावते आहे, आजी पूजेत आहे आणि मुलगी ‘हुक लावून दे ना’ म्हणत उघड्या पाठीची बाहुली घेऊन घरभर फिरते आहे, असे झाले तर तो कपडा कितीही देखणा असला तरी चार दिवसांत पेटीच्या तळाशी जातो. म्हणून बेत, म्हणजे कापड कापण्याचा नमुना, कसा काढावा, कापड कोणते घ्यावे आणि पाठ कशाने बंद करावी, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे. शिवाय घरात एक जुनी पैठणी आहे. तिचा काठ कापून बाहुलीला साडी करावी, असा सुनेचा आग्रह आहे. माझे मन होत नाही. त्यावरही मत द्यावे.

सुईदोरा

गोदाकाठ ताई, बेत कागदावर आकडे मांडून काढण्यापेक्षा थेट बाहुलीच्या अंगावरून उतरवावा. अन्न झाकण्याची पातळ प्लॅस्टिकची फिल्म बाहुलीच्या धडाभोवती घट्ट गुंडाळावी आणि तिच्यावर कागदी चिकटपट्टीचे छोटे तुकडे आडवे-उभे लावून एक कवच तयार करावे. त्यावर बॉलपेनने गळा, खांदा, मुंढा, बगलेपासून कमरेपर्यंतची बाजू, कंबर आणि पाठीचा मध्य यांच्या रेघा माराव्यात. पाठीच्या मध्यावर कापून कवच उतरवावे आणि मग रेघांवरून तुकडे सुटे करावेत. एखादा तुकडा टेबलावर सपाट पडत नसेल, तर तो जेथे फुगतो तेथे टोकाकडून एक चीर द्यावी. चीर जेवढी उघडेल, तेवढा तेथे टक्स, म्हणजे कापड चिमटून शिवलेली दुमड, घ्यावा लागतो. हे तुकडे जाड पुठ्ठ्यावर उतरवून ठेवले की पुढचे सगळे कपडे त्यांवरूनच निघतात.

भोवती माया, म्हणजे टिपेबाहेर सोडायचे जादा कापड, सहा मिलिमीटर पुरते. पाठीच्या दोन्ही भागांना मात्र मध्यावर दुप्पट सोडावी, कारण तेथे एकावर एक पदर यायचा असतो. आपण ब्लाउजला सोडतो तशी दीड-दोन इंच माया येथे सोडलीत, तर आत कापडाचा गठ्ठा होतो आणि बाहुली जाड दिसते. शिवाय बाहुली वाढत नाही, त्यामुळे उसवून सैल करण्याचा प्रश्नच येत नाही.

इंटरनेटवरून बेत छापून घेणार असाल, तर दोन गोष्टी पाहाव्यात. छापताना कागदाच्या मापाला बसवण्याचा पर्याय बंद करून पूर्ण शंभर टक्के मापातच छापावे. नाहीतर बेत थोडा आक्रसतो आणि एवढ्या लहान कपड्यात तो ‘थोडा’ म्हणजे पाठ न मिटणे असते. दुसरे असे, की २०१६ पासून बार्बी उंच, ठेंगणी आणि भरीव बांध्याची अशाही प्रकारांत येते. उंचीला जवळपास सारख्या दिसणाऱ्या दोन बाहुल्यांपैकी एकीचे पोलके दुसरीच्या खांद्यावरून खालीच उतरत नाही. आपल्या हातातील बाहुली हेच खरे माप समजावे.

कापडी बाहुलीसाठी एवढा खटाटोप नको. ती दबते, त्यामुळे छातीचा घेर मोजून त्यात दोन बोटांची ढील धरली की झबल्याचा साधा बेत बसतो. तिचे डोके मात्र अंगापेक्षा मोठे असते. गळा डोक्यावरून जाणार नाही. पाठ किंवा पुढची बाजू पूर्ण उघडीच ठेवावी लागते.

खडूपट्टी

मी नाशिकला भद्रकालीत पुष्कळ वर्षे शिलाईचे दुकान चालवले. आता मुलगा पाहतो. वरच्या प्रतिसादात बेताचे सांगून झाले आहे, म्हणून मी केवळ शिलाईच्या क्रमाबद्दल लिहितो, कारण लहान कपडा बिघडतो तो क्रमामुळे.

ब्लाउजला आपण बाही आधी लावतो आणि बाजू शेवटी मारतो, हे शिवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बाहुलीच्या कपड्यात याच पद्धतीने आणखी मागे जावे. कापड सपाट असेपर्यंत जेवढे उरकता येईल तेवढे उरकावे, कारण एकदा नळी झाली की तिच्यात मशीनचा फूट जात नाही. प्रथम दोन्ही खांदे जोडावेत. मग गळा पुरा करावा. त्यासाठी उरेब (तिरकी कापलेली) पट्टी लावण्यापेक्षा संपूर्ण अंगालाच मलमलीचे पातळ अस्तर लावून उलटवणे सोपे आणि आतून स्वच्छ. त्यानंतर बाहीची मोहरी, म्हणजे हाताकडची कड, दुमडून शिवावी, वरच्या गोलाईला बारीक चुण्या घालाव्यात आणि बाही मुंढ्याला जोडावी. मग मोहरीपासून बगल आणि बगलेपासून कंबर अशी दोन्ही बाजूंची एकेक सलग टीप मारावी. घेराची, म्हणजे कमरेखालच्या भागाची, खालची दुमड आधी शिवून, मग वर चुण्या घालून तो कमरेला लावावा. पाठीचा मध्य अगदी शेवटी, तोही कमरेखाली दोन बोटांपासून पुढेच जोडावा. वरचा भाग उघडा राहतो आणि तेथूनच बाहुली आत जाते.

मशीनला अकरा नंबरची सुई लावा. चौदाची सुई मलमलीत भोके पाडते. टीप बारीक ठेवा, इंचाला पंधरा-सोळा टाके येतील अशी. मोठी टीप गोलाईवर कोपरे काढते. सुरुवात कधीही कपड्याच्या कडेवरून करू नका, मशीनचे दात ते टोक खाली ओढून नेतात आणि दोऱ्याचा गुंता होतो. शेजारी चिंधीचा एक तुकडा ठेवून त्यावर दोन-चार टाके घ्यावेत आणि तेथून न थांबता कपड्यावर यावे. कापड फारच झिरझिरीत असेल, तर खाली पातळ कोरा कागद ठेवून कागदासकट शिवावे व नंतर तो फाडून काढावा. वर्तमानपत्र घेऊ नका, शाई लागते. मुंढ्याच्या वळणावर पायटा सोडून द्या आणि चाक हाताने फिरवा.

शिवून झाल्यावर माया तीन मिलिमीटर राखून छाटावी, गोलाईवर टिपेच्या अगदी जवळपर्यंत कात्रीचे बारीक काप द्यावेत आणि मगच उलटावे. हे काप न देता उलटवलेला गळा जन्मात सपाट बसत नाही. आणि प्रत्येक टिपेनंतर इस्त्री करावी. दुकानात मी मुलांना हेच सांगत असे, की अर्धी शिलाई इस्त्रीची असते. बाहुलीच्या कपड्यात ती अर्ध्याहून जास्त असते.

विसावा

माझ्याकडे मशीन नाही आणि मला त्याची उणीवही भासलेली नाही. एवढासा फ्रॉक हाताने शिवला तर संध्याकाळच्या मालिकेच्या वेळेत त्याचे अंग पुरे होते. साध्या धावदोऱ्यात दर चार टाक्यांनी एक उलट टाका घेतला, की शिवण ओढली तरी सुटत नाही. बगल आणि कंबर एवढ्या दोनच ठिकाणी संपूर्ण उलट टाका घालावा. हाताने शिवताना नळीचा प्रश्न येत नाही, त्यामुळे काकांनी सांगितलेला क्रम पाळला नाही तरी चालते, असा माझा अनुभव आहे.

खडूपट्टी

चालते. तरीही बाही आधीच लावा, हात वाकडा होणार नाही.

उरेबपट्टी

कापडाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. सर्वांत उत्तम म्हणजे वापरून मऊ झालेले सुती कापड: बाळाची झबली-दुपटी, आजोबांचे मळखाऊ सदरे, मलमलीच्या ओढण्या. ते आटून झालेले असते, त्याचा रंग जायचा तेवढा गेलेला असतो आणि ते अंगाबरोबर पडते. नवे घ्यायचे तर केंब्रिक किंवा ब्लाउजचे टू बाय टू रुबिया घ्यावे आणि बेतण्याआधी पाण्यातून काढावे. जॉर्जेट व सॅटीन नवशिक्यांनी दूर ठेवावे. ते कात्रीखालून सरकते आणि कड सतत सुटत राहते. कड सुटणाऱ्या कापडाला कापल्याबरोबर रंगहीन नेलपॉलिशची एक बारीक रेघ द्यावी, ती वाळली की धागे धरून राहतात.

नक्षीचा विचार कापडाइतकाच करावा. आपल्या कुर्त्यावर शोभणारे तळहाताएवढे फूल बाहुलीच्या छातीवर अर्धेच येते आणि ते काय आहे हे कळत नाही. बारीक ठिपके, बारीक चौकडी, बोटाच्या पेरात दोन-तीन बसतील एवढ्या बुट्ट्या असाव्यात. खण या दृष्टीने फार सोयीचा आहे. त्याचे काठ अरुंद असतात, नक्षी बारीक असते आणि एका ब्लाउजपीसमध्ये दोन्ही बाहुल्यांची परकर-पोलकी बसून वर एखादी पिशवी होते. फक्त खणाला पातळ अस्तर लावावेच लागते, नाहीतर आतल्या बाजूचे धागे प्लॅस्टिकच्या बोटांत अडकतात.

बोटांवरून आठवले. बार्बीच्या हाताची बोटे ताठ आणि थोडी फाकलेली असतात. लांब बाहीत हात घालताना अंगठा अस्तराला अडकतो आणि मूल तो जोराने ढकलते. शीतपेयाच्या नळीचा बोटभर तुकडा कपड्यांच्या पेटीतच ठेवावा. तो हातावर टोपणाप्रमाणे चढवला की बाही सुळकन वर जाते आणि मग तुकडा काढून घेता येतो. लहान मुलांना ही युक्ती फार आवडते.

गोदाकाठ

खडूपट्टी काका, अस्तर लावून उलटवण्याचे मी करून पाहिले, गळा सुरेख बसला. उरेबपट्टी ताई, नळीचा तुकडा पेटीत गेला आहे. आता साडीविषयी कोणी सांगावे. नातीला बाहुलीचे लग्न लावायचे आहे आणि नवरीला नऊवारीच हवी आहे.

येवलेकरीण

आमच्या घरी माग आहेत, म्हणून पैठणीबद्दल अधिकाराने लिहिते: धड असलेली पैठणी बाहुलीसाठी कापू नये. तुमची साडी घडीवर चिरली असेल, अंगाचे रेशीम तुटून काठ तेवढे शाबूत राहिले असतील, तर गोष्ट वेगळी. तशा साडीचे काठ वाचवून काहीतरी करणे हेच शहाणपण. पण सुनेला ती नेसता येत असेल, तर तिला नेसू द्यावी. बाहुलीला ब्लाउजपीस पुरतो.

काठच वापरायचा असेल, तर कापण्याची रीत नीट समजून घ्यावी. पैठणीचा काठ आणि पदर विणताना निरनिराळ्या रंगांच्या छोट्या कांड्या हाताने एकमेकींत गुंतवत न्याव्या लागतात. विणलेले असते तोवर ते घट्ट असते, परंतु कात्री लागली की कापलेल्या कडेतून रेशीम आणि जर दोन्ही भराभर सुटतात आणि जरीची टोके मुलांच्या बोटांना टोचतात. म्हणून आधी काठाच्या मागील बाजूस पातळ फ्युजिंग, म्हणजे उष्णतेने चिकटणारे कापड, इस्त्रीने चिकटवावे. वर सुती कापड टाकून इस्त्री मंद ठेवावी. मगच कापावे आणि कापलेली प्रत्येक कड अस्तराच्या आत बंद करावी. एकही कड उघडी ठेवू नये.

पदरावरचा मोर बाहुलीसाठी घेऊ नका. तो तिच्या धडाएवढा असतो. मुनिया (छोटा पोपट) किंवा अंगावरची बुट्टी येईल असा भाग शोधावा, आणि काठ रुंद असेल तर त्यातील नारळीच्या (नारळाच्या) नक्षीची अरुंद पट्टीच वेगळी काढून परकराच्या खाली लावावी.

आता मापाचे. साडेअकरा इंची बाहुली माणसाच्या साधारण एक-षष्ठांश असते. त्या हिशोबाने साडेपाच मीटरच्या साडीचे ब्याण्णव सेंटिमीटर होतात, रुंदी एकोणीसच्या आसपास आणि सव्वाआठ मीटरच्या नऊवारीचे एकशे सदतीस. हिशोब बरोबर आहे, पण तशी साडी नेसवून पाहा, कमरेभोवती निऱ्यांचा गोळा होतो. कारण लांबी-रुंदी सहापट कमी केली तरी कापडाची जाडी तेवढीच राहते. आपल्याला पातळ वाटणारी मलमल तिच्या अंगावर घोंगडीइतकी जाड असते. म्हणून निऱ्या मोजून चारच घ्याव्यात आणि कमरेत जाणारा भाग कापून टाकून तेथे पातळ पट्टी लावावी.

नऊवारी शिवलेलीच करावी, कारण पाच वर्षांच्या मुलीला काष्टा घालता येणार नाही आणि तुमची अट मोडेल. आधी अस्तराच्या कापडाची सैल सुरवार शिवावी. तिच्यावर पुढे चार निऱ्या टाचून पायांमधून मागे न्याव्यात आणि मागे कमरेच्या मध्याजवळ, उजव्या अंगाला पक्क्या कराव्यात. काष्टा म्हणजे दोन्ही बाजूंचे काठ दिसतील अशी दुमडलेली पट्टी. ती वरून टाचली की झाले. उघडे डाव्या बाजूला ठेवावे, मागे ठेवले तर काष्टाच दुभंगतो. पदर वेगळा शिवून कमरेला एका टोकाशी जोडावा आणि खांद्यावर एकच बंद द्यावा.

अन्वी_सिडको

नमस्कार, मी नवीन आहे. सहज विचारते, पाठ बंद करायला वेलक्रोच सगळ्यात सोपा ना? इतका विचार कशाला?

सुईदोरा

सोपा आहे, पण नीट लावला तर. चिकट पाठीचा वेलक्रो घेऊ नये. त्याचा डिंक सुईला लागून टाके सुटतात आणि उन्हाळ्यात तो कापडावर पसरतो. साधा, शिवायचा, मऊ प्रतीचा घ्यावा आणि लांबीत मधोमध कापून त्याची रुंदी निम्मी करावी. कापलेली कड सुटत नाही. खरखरीत पट्टी खालच्या पदरावर, बाहुलीच्या अंगापासून बाहेर तोंड करून लावावी आणि मऊ पट्टी वरच्या पदराला आतून. खरखरीत पट्टी किंचित अरुंद ठेवली की मिटल्यावर ती कोठूनही डोकावत नाही. ती उघडी राहिली की बाहुलीचे केस ओढले जातात, आणि एकदा गुंतलेले नायलॉनचे केस पूर्ववत होत नाहीत.

बालवाडीताई

मी शिक्षिका आहे, म्हणून वेगळी बाजू मांडते. पाच वर्षांच्या मुलीला केवळ वेलक्रो देऊ नये. टिचबटण दाबणे, काजातून बटण ओवणे, नाडीची गाठ मारणे ही बोटांची कामे याच वयात रुळतात आणि स्वतःच्या शाळेच्या सदऱ्यापेक्षा ती बाहुलीवर शिकणे सोपे जाते, कारण कपडा समोर असतो, स्वतःच्या हनुवटीखाली नसतो. माझी सूचना अशी, की पेटीतील कपडे चढत्या अवघडपणाचे असावेत. कापडी बाहुलीच्या अंगरख्याला एक मोठे बटण आणि दोऱ्याचा सैल फास, तिच्याच झबल्याला नाडी, आणि बार्बीच्या फ्रॉकांना वेलक्रो. टिचबटणे अगदी बारीक घेऊ नयेत. ती दाबायला जोर अधिक लागतो आणि ओढताना पातळ कापड फाटते. ज्या जागी टिचबटण यायचे, तेथे आतून फ्युजिंगचा तुकडा लावावा.

घरात तीन वर्षांखालचे दुसरे मूल असेल, तर मात्र बटणे, मणी, टिकल्या, घुंगरू यांतले काहीही लावू नये, आणि दागिन्यांसाठी चुंबक तर मुळीच वापरू नये. खेळणी तपासताना ३१.७ मिलिमीटर व्यासाचे एक नळकांडे वापरतात. जो तुकडा त्यात पूर्ण मावतो, तो लहान मुलाच्या घशात अडकू शकतो असे धरतात. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून विकाऊ खेळण्यांना जी मानके सक्तीची झाली, त्यांतही ही चाचणी आहे. घरच्या शिवणाला कोणी तपासनीस येत नाही, परंतु बाहुलीचे प्रत्येक बटण, अगदी कोटाचे मोठे बटणसुद्धा, त्या नळकांड्यात सहज मावते, एवढे लक्षात ठेवावे.

गोदाकाठ

बालवाडीताई, आपली सूचना पटली आणि माझ्या अटीला ती धरूनच आहे. नातू अजून सव्वा वर्षाचा आहे व त्याला जे दिसेल ते तोंडात घालायचे असते. त्यामुळे कापडी बाहुली, जी दोघांच्याही हातात असते, ती नाडीवरच ठेवते आणि बटणाचा अंगरखा बार्बीच्या पेटीत, वरच्या फळीवर.

जुनीपेटी

बंदांवरून एक आठवण. बार्बी १९५९ साली बाजारात आली, तेव्हा तिचे सुरुवातीचे कपडे जपानमध्ये शिवून घेतले जात. त्यांना आतून अस्तर असे आणि खरोखर उघडमिट होणाऱ्या बारीक चेन व टिचबटणे असत. ते कपडे आज पाहिले तर शिलाई थक्क करणारी आहे. पण ती बोटे मोठ्यांची होती आणि पुष्कळशी खरेदीही मोठ्यांच्या डोळ्यांनी होत असावी. गोदाकाठ ताईंची अट पाहता, मुलांच्या हाती पडणाऱ्या कपड्याला चेन लावण्याच्या भरीस पडू नये, असे माझे मत आहे.

रंगारी

एका धोक्याकडे कोणी लक्ष वेधलेले नाही. गडद लाल, काळा, निळा आणि कच्चा जांभळा या रंगांचे कापड प्लॅस्टिकच्या बाहुलीच्या अंगावर बरेच दिवस राहिले तर रंग आत उतरतो. बाहुलीचे मऊ अंग ज्या द्रव्याने मऊ केलेले असते, त्यातच रंग ओढला जातो, म्हणून साबणाने घासून तो निघत नाही. नवरीचा लाल शालू लग्न झाल्यावरही दोन महिने अंगावर ठेवला, की पोटरीवर कायमचा डाग राहतो. उन्हाळ्यात तर लवकरच. उपाय साधा आहे. कापड पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे, मग ओल्या पांढऱ्या रुमालाने त्यावर घासून पाहावे. रुमाल रंगला, तर आत पांढरे अस्तर लावल्याशिवाय तो कपडा प्लॅस्टिकच्या बाहुलीला घालू नये. कापडी बाहुलीला तर अजिबात नको, ती एकदा ओली झाली की संपले.

डाग पडलाच, तर मुरुमांवर लावतात ते बेंझॉइल पेरॉक्साइडचे मलम डागावर लावून बाहुली काही दिवस उन्हात ठेवण्याचा उपाय संग्राहक करतात. त्याने डाग फिका होतो, पण शेजारचा मूळ रंगही फिका पडू शकतो. चेहऱ्यावर तो प्रयोग करू नये, आणि मलम लावलेली बाहुली तोवर मुलांपासून दूर असावी.

दादाचे_आजोबा

या धाग्यावर सगळ्या नाती दिसतात, म्हणून संकोचाने लिहितो. माझ्या नातवाचे अस्वल आहे आणि त्याला थंडी वाजते, असे नातवाचे म्हणणे आहे. नाशिकची थंडी पाहता मला त्याचे म्हणणे मान्य आहे. बायकोच्या हाताखाली मी त्याला कुंची शिवली. फार सोपी निघाली: एक लांबट चौकोनी तुकडा, वरची कड दुमडून मागे शिवली की टोपी आणि खाली पाठीवर लोंबणारा पदर. हनुवटीखाली दोन नाड्या. अस्वलाच्या कानांसाठी टोपीला दोन चिरा दिल्या आणि त्यांच्या कडा काजासारख्या शिवल्या. ज्यांना मुंढा आणि बाही यांची धास्ती वाटते, त्यांनी कुंचीपासून सुरुवात करावी.

अन्वी_सिडको

कुंची मस्तच, आधी तीच शिवते. सामान नाशिकमध्ये कुठे मिळेल, तेही सांगा ना.

उरेबपट्टी

अन्वी, मेन रोड, शालिमार आणि रविवार कारंजा या पट्ट्यात शिवणसाहित्याची जी जुनी दुकाने आहेत, तेथे अरुंद लेस, फ्युजिंग, बारीक टिचबटणे आणि मीटरवर मिळणारा वेलक्रो असे सगळे मिळते. लेस घेताना ‘बाहुलीसाठी’ असे सांगून सर्वांत अरुंद मागावी. दुकानदार वरच्या कप्प्यातून काढून देतो. कापडासाठी एवढे फिरण्याचीही गरज नाही. आपल्या नेहमीच्या शिंप्याकडे ब्लाउजांचे उरलेले तुकडे गाठोडे भरून पडलेले असतात. गोड बोलून मागावेत. बुधवारी गोदावरीच्या काठावरील बाजारात गेलात, तर पातळ सुती रुमालही पाहावेत. एका रुमालाचे चारी काठ आधीच शिवलेले असतात, त्यामुळे घेराची दुमड वाचते.

गोदाकाठ

रुमालाची कल्पना उत्तम आहे. शेवटची एक शंका विचारते. बार्बीच्या परकराला नेफा करून इलॅस्टिक घातले तर तो कमरेवर सैल राहतो, आणि घट्ट केला तर नितंबांवरून चढत नाही. नात ओढते आणि टाके तुटतात.

खडूपट्टी

कारण बाजारातील साधे पट्टीचे इलॅस्टिक या मापाला फार जाड आहे; नेफ्यातच ते अर्धी ताण खाऊन टाकते. मास्कला असते ते गोल, बारीक इलॅस्टिक घ्या. जुना मास्क घरात असेल तर त्याचेच काढा. परकर अजून सपाट असताना, म्हणजे मागची टीप मारण्याआधीच, सहा मिलिमीटरचा नेफा शिवा आणि इलॅस्टिक ओवा. एक टोक पक्के करा. कंबर न ओढता मोजून त्यातून एक सेंटिमीटर कमी करा, तेथे इलॅस्टिकला खूण करा आणि दुसरे टोक खुणेवर आणून पक्के करा. मग मागची टीप मारा आणि त्या टिपेत दोन्ही टोके पुन्हा एकदा सापडू द्या. टोके पक्की करताना हाताने दोनदा उलट टाका घ्या. मशीनची सुई गोल इलॅस्टिकच्या मधून गेली तर आतला रबराचा धागा तुटतो.

एवढे करूनही चढताना अडत असेल, तर परकर पायांकडून चढवू नका. हात वर करून डोक्यावरून घाला. बार्बीचे डोके मोठे असले तरी केस दाबले जातात. नातीला एकदा दाखवा, ती तसेच करील.